धारणक्षेत्राचा प्रश्न व संशोधनाची उपयुक्तता

विद्यापीठीय संशोधन व्यवहाराच्या उपयोगी पडले पाहिजे, ही अपेक्षा आता सर्वत्र बोलून दाखविली जाते. प्रबंधाच्या आराखड्यात उपयुक्ततेविषयी चार ओळी लिहाव्या लागतात आणि प्रबंधाच्या अखेरीस शिफारशींचे एक प्रकरण जोडावे लागते. हे प्रकरण बहुधा सर्वांत तोकडे आणि सर्वांत घाईने लिहिलेले असते, हे परीक्षकांस ठाऊक आहे. उपयुक्ततेची कसोटी कोणती, हे मात्र क्वचितच स्पष्ट केले जाते. शासनाने अथवा एखाद्या संस्थेने निष्कर्ष उचलला की संशोधन कारणी लागले, न उचलला तर ते कपाटात पडून राहिले, असा एक ढोबळ हिशेब रूढ आहे. हा हिशेब कितपत टिकतो हे पाहावयाचे असेल, तर ज्याचा उपयोग झाला याविषयी वाद नाही, असेच संशोधन तपासून पाहणे बरे. महाराष्ट्रातील शेतजमिनींच्या तुकड्यांचा प्रश्न या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. कारण रसायनशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा या तिन्ही क्षेत्रांतून तो गेला आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे रूप पालटत गेले.

या संशोधनाचा आरंभ एका रसायनशास्त्रज्ञाने केला, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे १९०० साली चहाच्या मळ्यांचे शास्त्रीय अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले आणि पुढे १९०७ पासून पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. माती, खत आणि पीक यांचे पृथक्करण हा त्यांचा मूळ व्यवसाय. डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. तम्हाणे इत्यादी सहकाऱ्यांसह त्यांनी पुण्याजवळ पवनेच्या काठी असलेल्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली, आणि १९१७ साली 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' हा ग्रंथ मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय मालेत प्रसिद्ध झाला. ज्याने प्रयोगशाळेत मातीचे नमुने तोलले, त्याच हाताने येथे कुटुंबांचे जमाखर्च तोललेले आहेत. अनुमानाची घाई नाही, दयेचा गहिवर नाही आणि शेतकऱ्याच्या आळसाविषयीची तत्कालीन अधिकारीवर्गाची नेहमीची शेरेबाजीही फारशी नाही. या ग्रंथाचे मोल प्रामुख्याने या संयमात आहे.

ग्रंथातील सर्वांत गाजलेला आकडा धारणक्षेत्राचा आहे. जुन्या दप्तरांच्या आधारे मॅन यांनी दाखविले की, १७७१ साली या गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर आले, आणि १९१४-१५ मध्ये केवळ ७ एकर उरले. त्या वर्षी ८१ टक्के धारणक्षेत्रे १० एकरांच्या आत, तर ६० टक्के ५ एकरांच्याही आत होती. हा उतार इतका सरळ आणि इतका भेदक होता की, पुढील अर्धशतकात शेतीच्या अर्थशास्त्रावरील बहुतेक पाठ्यपुस्तकांनी तो जसाच्या तसा उद्धृत केला. एखाद्या आकड्याला असे भाग्य लाभले की त्याच्या सभोवतालचा मजकूर वाचण्याचे कारण उरत नाही.

तो मजकूर मात्र निराळे काही सांगत होता. मॅन यांनी १०३ कुटुंबांची आर्थिक स्थिती तपासून त्यांचे तीन गट पाडले. केवळ जमिनीच्या उत्पन्नावर ज्यांचा निर्वाह नीट चालतो अशी कुटुंबे निघाली ८. जमिनीच्या जोडीला बाहेरच्या कामाची मिळकत धरली म्हणजे ज्यांची तोंडमिळवणी होते अशी २८. उरलेल्या ६७ कुटुंबांची, म्हणजे सुमारे ६५ टक्के कुटुंबांची, स्थिती जमीन आणि मजुरी दोन्ही जमेस धरूनही तुटीचीच होती. पुण्याच्या आणि खडकीच्या आसमंतातील मजुरी या गावास हाताशी होती, हे विसरता येत नाही. कानिटकरांच्या सहकार्याने केलेली दुसरी पाहणी १९२१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी जातेगाव बुद्रुक हे शहरापासून दूरचे, कोरडवाहू गाव निवडले होते. आणि तेथील तुटीच्या कुटुंबांचे प्रमाण याहूनही बरेच अधिक आढळले. आता हे दोन निष्कर्ष एकत्र ठेवून पाहावेत. ज्या गावात बाहेरचे काम मिळते तेथे अधिक कुटुंबे तगतात, जेथे ते मिळत नाही तेथे कमी. याचा सरळ अर्थ असा की, कुटुंबाचे तगणे न तगणे एकरांच्या मोजणीत सर्वस्वी सापडत नाही. शेतीबाहेर किती हातांना काम आहे यावरही ते तितकेच अवलंबून आहे. मॅन यांच्या स्वतःच्याच कोष्टकांतून निघणारा हा अर्थ त्यांच्या ग्रंथाच्या कीर्तीत मात्र उतरला नाही. कीर्ती मिळाली ती ४० पासून ७ पर्यंतच्या उताराला.

मॅन यांच्या आधीच शेतकी खात्याचे संचालक कीटिंग यांनी १९१२ सालच्या आपल्या ग्रंथात 'आर्थिक धारणक्षेत्रा'ची कल्पना मांडलेली होती. आवश्यक तो खर्च वजा जाता शेतकऱ्यास आपला व कुटुंबाचा निर्वाह बऱ्यापैकी सुखाने करता येईल इतकी जमीन, असा तिचा आशय. आणि दख्खनमध्ये ४० ते ५० एकर सलग जमीन, तीत एक चांगली विहीर आणि शेतातच घर, असे तिचे आदर्श चित्र होते. मॅन यांच्या आकड्यांनी या कल्पनेस पुरावा मिळाला असे अधिकाऱ्यांस वाटले. कल्पना होती, पुरावा होता. आता कायदा करावयाचा एवढेच उरले होते.

याच वेळी, १९१८ साली, इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लहान धारणक्षेत्रांवरील निबंध प्रसिद्ध झाला. आंबेडकरांच्या वाङ्मयात या निबंधाकडे अद्यापही पुरेसे लक्ष गेलेले नाही. जातिव्यवस्थेवरील आणि रुपयाच्या प्रश्नावरील लेखनाच्या मानाने तो आकाराने लहान आहे. पण प्रचलित संशोधनाचा प्रश्नच चुकीचा आहे हे दाखवून देण्याचे जे कठीण काम त्यात साधले आहे, त्याची उदाहरणे भारतीय अर्थशास्त्रात फार नाहीत. निबंधाचा रोख दुहेरी आहे. विखुरलेले तुकडे सलग करणे आणि लहान क्षेत्र मोठे करणे हे दोन स्वतंत्र प्रश्न असून ते एकमेकांत मिसळले जात आहेत, हे ते प्रथम निवडून दाखवितात. त्यानंतर ते 'आर्थिक धारणक्षेत्रा'च्या व्याख्येकडे वळतात. कीटिंग असोत, अलाहाबादचे प्रा. जेव्हन्स असोत की मॅन असोत, सर्वांनी धारणक्षेत्र कुटुंबाच्या उपभोगावरून मोजले, हा त्यांचा आक्षेप आहे. शेत ही उत्पादनाची संस्था आहे. तिचा किफायतशीरपणा तिच्यावर किती तोंडे पोसली जातात यावरून ठरत नाही, तर जमीन, भांडवल आणि श्रम यांचे प्रमाण कसे जुळले आहे यावरून ठरतो. नांगर, बैल आणि पैसा अपुरा असेल तर थोडी जमीनदेखील जास्त होते. ही साधने भरपूर असतील तर थोड्या जमिनीतही शेती किफायतशीर होऊ शकते. निव्वळ क्षेत्रफळास आर्थिक अर्थ नाही.

येथून निबंध एका अनपेक्षित ठिकाणी पोहोचतो. शेतीची अवजारे आणि जनावरे यांचे सरकारी आकडे मांडून आंबेडकर असे दाखवितात की, उपलब्ध साधनांच्या मानाने हिंदुस्थानातील धारणक्षेत्रे लहान नसून उलट मोठीच आहेत. ती तोट्यात आहेत हे खरे. पण जो इलाज सुचविला जात होता, तो रोगाच्या उलट दिशेचा होता. मूळ दुखणे भांडवलाच्या अभावात आणि शेतीवर रेललेल्या निरुद्योगी श्रमशक्तीत आहे. काम न करणारे हात जमिनीवर बसून खातात, म्हणून जमिनीवर भार पडतो आणि म्हणूनच तिचे तुकडे होतात. तुकडे पाडू नका असे कायद्याने सांगितले तर हा भार नाहीसा होणार नाही. ज्यांच्या वाट्यास तुकडा येत होता ते भूमिहीन होतील इतकेच. शेतीबाहेर उद्योग वाढवून जादा श्रम तेथे शोषून घेणे, हाच त्यांच्या मते खरा उपाय होता.

निबंधास मर्यादा आहेत. त्याचा आधार सरकारी सांख्यिकीच्या सरासऱ्यांवर आहे; एका गावाचा, एका घराचा जमाखर्च त्यात कोठेही दिसत नाही. उद्योगांकडे जाणारे मनुष्यबळ कोणत्या जातींतून आणि कोणत्या वाटेने जाईल, हा प्रश्न खुद्द आंबेडकरांइतका कोणास ठाऊक असणार? तथापि या निबंधात तो जवळजवळ नाही. औद्योगिकीकरणाच्या मार्गातील अडचणींवरही तो चटकन पुढे सरकतो. या उणिवा भरून काढणारी सामग्री कोठे होती? ती मॅन यांच्या कोष्टकांत होती. बाहेरच्या कामावर तगलेली ती २८ कुटुंबे म्हणजे आंबेडकरांच्या सिद्धान्ताचा गावपातळीवरील पडताळाच होता. उलट मॅन यांच्या तीन गटांना ज्या उपपत्तीची गरज होती ती आंबेडकरांच्या निबंधात होती. एका पाहणीला तत्त्व हवे होते, एका तत्त्वाला पाहणी हवी होती. दोन्ही याच मुंबई इलाख्यात, एकाच दशकात निर्माण झाली; पण शेतकी महाविद्यालयाची पाहणी आणि अर्थशास्त्रज्ञाचा निबंध यांना एकत्र वाचणारा विषय कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हता. आजही तो सहजी आढळत नाही, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

शासनाने यांतून काय घेतले? १९२७ साली मुंबई कायदेमंडळात लहान धारणक्षेत्रांविषयीचे विधेयक आले. त्यावर १० ऑक्टोबर १९२७ रोजी आंबेडकरांनी सभासद या नात्याने विरोधाचे भाषण केले. मालकी कायम ठेवून लहान शेतकऱ्यांनी सहकारी पद्धतीने जमीन कसावी, असा पर्याय त्यांनी त्या वेळी पुढे केला. प्रखर विरोधामुळे ते विधेयक बारगळले. परंतु कल्पना मेली नव्हती. १९४७ साली मुंबई राज्यात धारणजमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा व त्यांच्या एकत्रीकरणाची तरतूद करणारा अधिनियम संमत झाला; लोकांच्या तोंडी तो 'तुकडेबंदी कायदा' म्हणून रुळला. त्याचा कणा 'प्रमाणभूत क्षेत्र' ही संज्ञा होय. स्वतंत्रपणे किफायतशीर रीतीने कसण्यास लागणारे किमान क्षेत्र शासनाने स्थानपरत्वे ठरवावयाचे, त्याहून लहान तो 'तुकडा', आणि असा तुकडा लगतच्या जमिनीच्या मालकाखेरीज इतरांस हस्तांतरित करावयाचा नाही, अशी ही योजना आहे.

संशोधनाच्या प्रवासात कोणती गोष्ट टिकते आणि कोणती गळते, हे येथे स्वच्छ दिसते. मॅन यांच्या ग्रंथात एकर होते, कर्ज होते, मजुरी होती, कुटुंबाची तोंडमिळवणी होती. आंबेडकरांच्या निबंधात बैल, नांगर, भांडवल आणि बेकार हात होते. कायद्यापर्यंत पोहोचला तो फक्त एकर. याचे कारण शासनाचा मूर्खपणा किंवा दुष्टावा हे नव्हे. तलाठ्याच्या सातबाऱ्यावर क्षेत्राचा रकाना आहे. घरात किती माणसे कामावाचून बसली आहेत याचा रकाना नाही. दुय्यम निबंधकास खरेदीखतातील क्षेत्र पाहून दस्त नाकारता येतो. खरेदीदाराजवळ बैलजोडी आहे की नाही हे पाहता येत नाही. प्रशासन ज्याची नोंद करू शकते त्याचाच निष्कर्ष ते उचलते. तेव्हा एखादा निष्कर्ष उचलला गेला, यावरून तो नोंदवहीत बसण्याजोगा होता इतकेच सिद्ध होते. तो खरा होता की नाही, किंवा त्याने प्रश्न सुटला की नाही, याविषयी त्यातून काहीही कळत नाही. आरंभी सांगितलेला ढोबळ हिशेब येथेच कोसळतो.

कायद्याच्या फलिताविषयी फार विस्तार करण्याचे कारण नाही. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरांवर आले. वारसाहक्काने होणारी वाटणी खरेदीखताने होत नाही; ती बांधावर होते, भावाभावांत होते, आणि सातबाऱ्यावर सामाईक नाव तसेच राहूनही प्रत्येकाची पेर निराळी असते. शहरांलगतच्या गावांत तर गुंठ्यागुंठ्यांचे व्यवहार कायदा डावलून इतके झाले की, २०१७ साली दुरुस्ती करून १५ नोव्हेंबर १९६५ नंतरचे असे व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम घेऊन नियमित करण्याची सोय करावी लागली. कायदा नसता तर तुकडे याहूनही अधिक पडले असते, असा प्रतिवाद करता येईल आणि तो अगदीच पोकळ नाही. परंतु मग कायद्याचे यश मोजावयाचे कसे, हा प्रश्न त्या प्रतिवाद्यास सोडवावा लागेल.

असा प्रश्न दुसऱ्या एका कायद्याबाबत वेळीच विचारला गेला होता. १९४८ च्या मुंबई कुळकायद्याच्या अंमलाची चौकशी वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केली. तिचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध झाला. कूळ संरक्षित झाले असे कायदा म्हणत असताना जमिनीचे व्यवहार आणि कुळांकडून जमीन काढून घेणे हे प्रत्यक्षात कायदा नसल्यासारखेच चालू होते, हे त्यांनी गावोगावच्या नोंदींवरून दाखविले. हा अहवाल शासनास सुखावणारा नव्हता. शिफारशींच्या प्रकरणापेक्षा असे काम अधिक उपयोगी असते. कारण काय करावे हे सांगण्यापूर्वी, जे केले त्याचे काय झाले, हे त्यातून कळते.

संशोधकाने निष्कर्ष दुसऱ्याच्या हाती न सोपविता स्वतः व्यवहारात उतरावे, असाही एक मार्ग आहे. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे धनंजयराव गाडगीळ. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची त्यांची पाहणी १९४८ साली प्रसिद्ध झाली. आणि त्याच प्रवरेच्या टापूत विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. अर्थशास्त्रज्ञाने कालव्याखालच्या शेतकऱ्याचे उत्पन्न मोजावे आणि मग त्याच शेतकऱ्यांच्या कारखान्याच्या सभेत अध्यक्षस्थानी बसावे, हा योग विरळा होय. १९५४ च्या ग्रामीण पतपुरवठा पाहणी समितीतही ते होते. शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के असल्याचे या पाहणीत आढळले. तथापि सहकार सोडून द्यावा असे न म्हणता शासनाने त्यात भागीदार व्हावे असे समितीने सुचविले. या निर्णयात आकड्यांइतकाच प्रवरेचा अनुभवही बोलत असावा, असे मानण्यास जागा आहे. मात्र या मार्गाचाही एक धोका आहे. ज्या संस्थेत संशोधक स्वतः गुंततो तिच्या दोषांकडे पाहण्याची त्याची दृष्टी मंदावते. अवर्षणप्रवण भागातील कालव्याचे पाणी उसाकडे किती जावे, या प्रश्नाची जी तीव्रता पुढील दशकांत जाणवली, ती लाभाच्या हिशेबात त्या काळी उतरली नव्हती. एकरी उत्पन्न मोजले गेले. पाण्याच्या मापाने ते मोजावयास हवे होते.

याहून निराळे उदाहरण मानवशास्त्रातले आहे. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची केलेली पाहणी डेक्कन कॉलेजने १९६९ साली प्रसिद्ध केली. कर्वे यांचे त्यापूर्वीचे मोठे काम आप्तसंबंधांच्या रचनेवरील. १९५३ च्या त्यांच्या ग्रंथास कोणत्याही खात्याने उपयुक्त म्हटले नसते. मामाची मुलगी कोठे करतात आणि कोठे करीत नाहीत, या माहितीचा पाटबंधारे खात्यास काय उपयोग? परंतु कोयनेच्या खोऱ्यातून उठविलेली माणसे निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरली गेली तेव्हा नेमके काय तुटले, हे कळण्यास तीच दृष्टी लागत होती. पुनर्वसनाच्या दप्तरात घर, गोठा आणि एकर यांची भरपाई लिहिलेली असते. भावकी, सोयरीक आणि पेरणीच्या वेळी हक्काने बोलाविता येणारे शेजारी यांची भरपाई तेथे लिहिता येत नाही. येथेही पुन्हा एकराचाच प्रश्न उभा राहतो. फरक इतकाच की, येथे संशोधकापाशी एकराबाहेर पाहण्याची विद्या आधीपासून, कोणत्याही उपयोगाच्या अपेक्षेवाचून, तयार होती. दुर्दैव असे की, पाहणी प्रसिद्ध झाली तेव्हा धरणाची भिंत उभी राहून पाच वर्षे लोटली होती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा त्यानंतर, १९७६ साली झाला. आणि त्यातही भरपाईचे मुख्य माप पुन्हा क्षेत्र हेच राहिले.

शिफारशींच्या प्रकरणाऐवजी प्रबंधात दुसरे काय असावे, याचे उत्तर या उदाहरणांत शोधावे लागेल. आपला निष्कर्ष शासनाच्या कोणत्या नोंदवहीत, कोणत्या रकान्यात जाऊन बसेल, आणि तो तेथे बसविताना त्यातील काय गळून पडेल, याचे विवेचन संशोधकाने स्वतःच करावयास हवे. मॅन यांनी ते केले असते तर ७ एकरांच्या आकड्याशेजारी २८ कुटुंबांचा आकडाही कदाचित पाठ्यपुस्तकांत गेला असता. हे काम कायद्याच्या पदवीधरास एकट्याने जमणारे नाही, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासही नाही. त्यासाठी एका विभागाचा विद्यार्थी दुसऱ्या विभागाच्या मार्गदर्शकाकडे पाठविण्याची जी तरतूद नियमांत असते, ती वापरात आणावी लागेल.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. जेथे मॅन यांच्या सहकाऱ्यांनी बाजरीच्या पिकाचा हिशेब मांडला तेथे बहुमजली इमारती उभ्या आहेत, आणि जमीन एकरांवर नव्हे, चौरस फुटांवर मोजली जाते. जातेगाव बुद्रुक अद्याप शेतीचे गाव आहे. १९२१ ची कोष्टके हाती घेऊन तेथील कुटुंबांचे तेच तीन गट पुन्हा पाडून पाहणे, हे एका प्रबंधाच्या आवाक्यातले काम आहे. मात्र त्यात जमिनीच्या रकान्याइतकीच जागा बाहेरच्या मजुरीच्या रकान्यास द्यावी लागेल.